वय ३४, कम्युनिटी कॉलेज आणि डोक्यात मेड स्कूल: या वाटेनं कुणी गेलंय का?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. आधी माझी कुंडली मांडते, म्हणजे सल्ला देणाऱ्यांना सोपं जाईल.

मूळची वाईची. बारावी सायन्स, तेव्हाच्या सीईटीत मेडिकल थोडक्यात हुकलं, म्हणून साताऱ्याला बीएस्सीला. एफवायला फिजिक्समध्ये एटीकेटी (हे पुढे कामाचं आहे, म्हणून आत्ताच सांगून टाकते). एसवायला असताना लग्न ठरलं, नवरा इकडे अमेरिकेत एच-वनवर (नोकरीच्या व्हिसावर), आणि पदवी जी राहिली ती राहिलीच. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहतो. एच-फोरवरची (जोडीदाराच्या व्हिसावरची) वर्षं स्वयंपाक, लायब्ररी आणि लेक यांत गेली. २०२२ मध्ये ग्रीन कार्ड आलं, त्यानंतर मेडिकल असिस्टंटचा कोर्स केला आणि एका क्लिनिकमध्ये अर्धवेळ लागले. सोबत कम्युनिटी कॉलेजात (पदवीची पहिली दोन वर्षं स्वस्तात देणारं सरकारी कॉलेज) एकेक विषय घेतेय. इंग्लिश, स्टॅटिस्टिक्स, सायकॉलॉजी आणि केमिस्ट्रीचा तयारीचा कोर्स झालाय, सगळीकडे ए. युनिटला ४६ डॉलर, म्हणजे एक अख्खा विषय लेकीच्या महिन्याच्या पोहण्याच्या क्लासपेक्षा स्वस्त पडतो. नवऱ्याला हे गणित फार आवडतं.

आता मेड स्कूल (इथे पदवीनंतरचं मेडिकल कॉलेज) का, ते सांगते. गेल्या हिवाळ्यात क्लिनिकमध्ये एक आजी आल्या. मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या. पंजाबी ड्रेसवर मुलाचा स्वेटर, पायात मोजे आणि त्यावर चपला. बीपी १८०च्या वर. डॉक्टर विचारतायत, मुलगा मध्ये बोलतोय, "हो हो, गोळ्या वेळेवर घेते." नंतर मी पुन्हा एकदा बीपी बघायला कफ बांधत होते. मुलगा फोनवर बोलायला बाहेर गेला होता. मी नुसतं म्हटलं, "आजी, गोळ्या पुरतायत ना?" तर दाराकडे बघत म्हणाल्या, "अर्धी अर्धी करते गं. परत जाईपर्यंत पुरवायच्यात. त्याला नको सांगू, इथल्या औषधांना लई पैसे पडतात म्हणे." मी त्यांच्यासमोरच डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांनी दोन मिनिटांत महिन्याला दहा डॉलरच्या आत मिळणारी गोळी लिहून दिली, आजींना डोस समजावून द्यायला मला सांगितलं आणि पुढच्या खोलीत गेल्या.

ती दोन मिनिटं मला हवी आहेत. कफ बांधणं मला येतं, त्यात कमीपणाही वाटत नाही. पण कुठली गोळी, का, आणि दुसरी का नाही, हे मला कळायला हवंय आणि माझ्या सहीनं व्हायला हवंय.

तर प्रश्न असे. कम्युनिटी कॉलेजातले विषय मेड स्कूलवाले कमी लेखतात का? कुठले इथेच उरकावेत आणि कुठले युनिव्हर्सिटीसाठी ठेवावेत? पदवी पुरी करायला ट्रान्सफर कुठे? बर्कलेला बार्टची (लोकल ट्रेनची) ऑरेंज लाइन थेट जाते, पण हेवर्डची कॅल स्टेट ईस्ट बे जवळ आहे आणि लेक तिसरीत आहे. ती एटीकेटी मानगुटीवर बसणार का? आणि मराठी माध्यमातून दहावी झालेल्या बाईनं एमकॅटच्या (मेड स्कूलची प्रवेश परीक्षा) वाचनाच्या पेपरचं काय करावं?

वयाचं मी मोजलेलं आहे. सगळं सुरळीत झालं तरी पूर्ण डॉक्टर होईतो पंचेचाळिशी उलटेल. ते सांगायला कृपया कुणी वेळ घालवू नये :)

---

पोटापाण्याचं_बघा

वेळ घालवू नये म्हटलंय तरी घालवतो. ताई, नर्सिंग का नाही? तुमच्याच कम्युनिटी कॉलेजच्या पातळीवर दोन वर्षांचा असोसिएट डिग्रीचा कोर्स असतो (आधीचे विषय धरून तीनेक वर्षं). बे एरियात आरएनचा (नोंदणीकृत नर्सचा) पगार आयटीवाल्यांना लाजवेल असा आहे. पुढे एनपी (नर्स प्रॅक्टिशनर, औषधं लिहून देऊ शकणारी नर्स) करा. कॅलिफोर्नियात एबी ८९० कायद्यानंतर अनुभवी एनपींना डॉक्टरच्या देखरेखीशिवायही काम करता येतं, म्हणजे गोळी तुमच्याच सहीनं. चाळिशीच्या आसपास सगळं हातात, डोक्यावर कर्ज नाही. मेड स्कूलला अर्ज करणाऱ्यांतले निम्म्याहून जास्त दरवर्षी हात हलवत परत येतात. एमडीला (इथली डॉक्टरकीची मूळ पदवी) पन्नास हजारांहून जास्त अर्जदार आणि जागा २३ हजार, हे आकडे लपलेले नाहीत.

---

मुंबई_मेल

त्यापेक्षा भारतात जाऊन एमबीबीएस करा. नीटची वयाची वरची अट २०२२ मध्येच गेली. एनआरआय कोटा आहे. साडेचार वर्षं अधिक इंटर्नशिप, आधी पदवीची भानगडच नाही.

---

कृष्णाकाठ

@पोटापाण्याचं_बघा, एबी ८९० माहीत आहे आणि तुमचा सल्ला वाईट नाही. आमच्या क्लिनिकमधल्या एनपी बाई उत्तम आहेत. पण मला शिकायचंय ते शरीर बिघडतं कसं हे मुळापासून. नर्सिंग हा वेगळा पेशा आहे, मेडिकल हुकलेल्यांची वेटिंग रूम नव्हे. तिथे मनापासून येणाऱ्या कुणाची तरी जागा मी अडवू नये.

@मुंबई_मेल, लेकीला इथे ठेवून साडेपाच वर्षं? आणि परत आल्यावर?

---

रात्रपाळी

परत आल्यावर यूएसएमएलई (इथली लायसन्सची परीक्षा) आणि मॅच (रेसिडेन्सीची, म्हणजे पदवीनंतरच्या हॉस्पिटलमधल्या प्रशिक्षणाची जागा मिळणं). अमेरिकन एमडी शाळांतून शेवटच्या वर्षाचे जे विद्यार्थी उतरतात, त्यांतले ९३ टक्क्यांच्या आसपास मॅच होतात, डीओवाले (एमडीच्या बरोबरीच्या दुसऱ्या पदवीचे) जवळपास तितकेच. परदेशी पदवी आणि परदेशी नागरिकत्व असलेल्यांचं प्रमाण साठीच्या आतबाहेर असतं. शिवाय साडेपाच वर्षं बाहेर राहिलीस तर ग्रीन कार्डच धोक्यात. तो विषय इथेच संपवू.

आता माझ्याबद्दल. फॅमिली मेडिसिनची रेसिडेंट आहे, दुसरं वर्ष, सेंट्रल व्हॅलीत. बारावी कॉमर्स, नागपूर. इथे आल्यावर काही वर्षं नात्यातल्यांच्या ग्रोसरीच्या दुकानात गल्ल्यावर होते. तिशीला टेकले तेव्हा कम्युनिटी कॉलेजात नाव घातलं. केमिस्ट्रीतला मोल म्हणजे काय हे तिथे पहिल्यांदा कळलं, त्यामुळे तू माझ्यापेक्षा पुढे आहेस. (एकेरीत बोलतेय, चालेल ना? इथे सगळे डॉक्टर डॉक्टर करतात, कंटाळा येतो.)

पहिला प्रश्न. कमी लेखतात का? काही शाळांच्या पानावर स्पष्ट लिहिलेलं असतं की पायाचे विषय चार वर्षांच्या कॉलेजातून केलेले बरे. बऱ्याच शाळा काहीच म्हणत नाहीत. पण शाळा काय छापते यापेक्षा अर्ज वाचणाऱ्याच्या मनात काय येतं ते बघ. त्याला इतकंच कळायला हवं असतं की ही बाई तीस जणांच्या वर्गात ए मिळवते, ती तीनशे जणांच्या वर्गातही मिळवेल का? त्याचं उत्तर युनिव्हर्सिटीत दिलंस की कम्युनिटी कॉलेजचा मुद्दा मिटला. म्हणून जनरल केमिस्ट्री, पायाची बायॉलॉजी, इंग्लिश, स्टॅट्स, सायकॉलॉजी, सोशिऑलॉजी हे सगळं आत्ता जिथे आहेस तिथे. बायोकेमिस्ट्री, फिजिऑलॉजी, जेनेटिक्स, सेल बायॉलॉजी तिकडे. ऑरगॅनिक कुठेही कर, पण दोन्ही भाग एकाच ठिकाणी. अर्धं इथे, अर्धं तिथे केलं की दोन कॉलेजांचा क्रम जुळत नाही आणि मधल्यामध्ये दोन प्रकरणं गळतात किंवा दोनदा करावी लागतात. कुठला विषय कुठे कशासाठी धरला जातो ते असिस्ट डॉट ऑर्गवर कॉलेजवार दिलेलं आहे, ते उघडून बस.

या सगळ्यात खरा गळा आवळते ती केमिस्ट्री. जनरलचे दोन सेमिस्टर, मग ऑरगॅनिकचे दोन, मग बायोकेम. एकामागून एकच घेता येतात. एमकॅट त्या शेवटच्याशिवाय देण्यात अर्थ नाही. मधला एक सुटला तर सहा महिने जातील असं वाटतं, पण पुष्कळदा वर्ष जातं, कारण लहान कॉलेजांत ऑरगॅनिकचा पहिला भाग फॉललाच (ऑगस्ट-डिसेंबरच्या सत्रात) लागतो. तेव्हा आधी केमिस्ट्री मांड आणि बाकीचं तिच्याभोवती बसव. लेकीची सुट्टी, सासूबाईंचं येणं, क्लिनिकची पाळी, सगळं त्यानंतर.

आणि एका सेमिस्टरला दोनच लॅबचे विषय, त्यावर नाही. इथे येणाऱ्या मोठ्या वयाच्या हुशार बायका याच ठिकाणी घसरतात. आधीच उशीर झाला म्हणून चार चार विषय घेतात. एमकॅसला (म्हणजे एमडी शाळांचा सामायिक अर्ज) तू आजवर इथल्या ज्या ज्या कॉलेजात पाय ठेवलास, त्या प्रत्येकाचं ट्रान्सक्रिप्ट जातं. सी मिळाला म्हणून विषय पुन्हा केलास आणि ए आणलास, तरी दोन्ही ग्रेड सरासरीत धरतात. डीओ शाळांच्या अर्जात पूर्वी नवा ग्रेड जुन्याची जागा घ्यायचा, ती सवलत २०१७ मध्ये बंद झाली. डब्ल्यू (विषय मध्येच सोडल्याची नोंद) सरासरीत येत नाही पण दिसतो. एखादा चालतो, रांग लागली की प्रश्न विचारतात. सायन्सची सरासरी वेगळी काढतात. प्रवेश मिळालेल्यांची एकूण सरासरी चारपैकी ३.७ च्या वर आहे. एक वर्ष उशिरा पोचलीस तर कुणी विचारणार नाही. ३.२ घेऊन वेळेत पोचलीस तर सगळे विचारतील.

एटीकेटी: एमकॅस परदेशी मार्क जीपीएत (ग्रेडच्या सरासरीत) धरतच नाही. इथल्या कॉलेजनं ते ट्रान्सफर क्रेडिट म्हणून मान्य केले तर गोष्ट वेगळी, म्हणून एफवायचे क्रेडिट मिळवायच्या फंदात पडू नकोस. पण लपवायचंही नाही. कॉलेजचं नाव, वर्षं, सगळं युनिव्हर्सिटीच्या आणि एमकॅसच्या अर्जात लिहायचं. साताऱ्याच्या फिजिक्सनं तुझा अर्ज कुणी अडवणार नाही. न सांगितलेलं साताऱ्याचं कॉलेज उघडकीला आलं तर मात्र अडवतील.

वर कुणी पदवीची भानगड म्हणालंय, तर तुझं बीएस्सी अर्धवट राहिलं हे तुझ्या पथ्यावर पडलंय. पदवी असती तर यूसीवाले (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, बर्कले त्यातलंच) दुसऱ्या बॅचलर्सला सहसा उभं करत नाहीत. अनेक मेड स्कूलना नुसती भारतातली पदवी चालत नाही, इथल्या कॉलेजातला अभ्यास लागतो. म्हणजे पदवीधर बायका ना इकडच्या ना तिकडच्या होतात. तुला सरळ ज्युनिअर म्हणून (तिसऱ्या वर्षाला) ट्रान्सफर मिळेल, ६० सेमिस्टर युनिट झाली की.

बर्कले की हेवर्ड? मला विचारशील तर हेवर्ड, आणि यावर इथे भांडायला येणाऱ्यांचं स्वागत आहे. बर्कलेचं नाव मोठं, वर्गही मोठे, ग्रेडची मारामारी मोठी. तिथे सायन्समध्ये आकाशातून पडलेली पोरं वर्गात असतात आणि त्यांना तिसरीतली लेक नसते. फ्रीमाँटहून बार्टमध्येच पाऊण तास, वर दोन्हीकडचं चालणं. लॅब सहाला सुटली की घरी आठ. हेवर्डला स्टेशनवरून टेकडीवर कॉलेजची शटल जाते. तिथे ३.८ आणि चांगला एमकॅट आणलास तर कुठल्याही मेड स्कूलसमोर ताठ बसशील. आधी बर्कलेला फॉर्म भरून बघायला हरकत नाही, यूसीचा अर्ज नोव्हेंबरअखेर भरायचा असतो. टॅग म्हणून जी प्रवेशाच्या हमीची सोय आहे ती डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ यांनाच लागू आहे, बर्कले त्यात नाही.

एमकॅट. ४७२ ते ५२८ मध्ये गुण, प्रवेश मिळणाऱ्यांची सरासरी ५११-५१२. चार भाग, त्यातला तुला छळणारा कार्स: ९० मिनिटं, ५३ प्रश्न, नऊ उतारे. कला, तत्त्वज्ञान, इतिहास, समाजशास्त्र असं काहीही येतं, आणि बाहेरचं ज्ञान लागत नाही. हे माध्यमाचं दुखणं नाहीये गं. इंग्लिश मीडियमची पोरंही यात आपटतात, कारण लेखक काय म्हणतोय याऐवजी स्वतःला काय वाटतं त्यावर टिक करतात. तू बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहेस म्हणतेस ना? मग लेखकानं लिहिलं काय आणि प्रतिसादकानं वाचलं काय यातला फरक रोज बघत आलीयेस, तोच पेपर आहे. रोज एक कंटाळवाणा इंग्रजी लेख, घड्याळ लावून, आणि नंतर एका ओळीत मराठीत लिहायचं की बाबा म्हणतोय काय. आत्तापासून. बाकीचे तीन भाग शेवटच्या सहा महिन्यांत होतात, हा होत नाही. सराव परीक्षेत हवे तेवढे गुण पडेपर्यंत खरी परीक्षा द्यायची नाही. गुण साधारण तीनेक वर्षं चालतात, फार आधी देऊनही उपयोग नाही.

क्लिनिकची नोकरी सोडू नकोस. मेडिकल असिस्टंटचे तास हा रुग्णांजवळचा अनुभव म्हणून सोन्यासारखा धरतात, वीस वर्षांची पोरं त्यासाठी कुठे कुठे फिरत असतात. तासांची वही ठेव. तुझ्या केमिस्ट्रीच्या आणि बायॉलॉजीच्या प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्सना जात राहा. शिफारसपत्रं लागतात, त्यात दोन तरी सायन्सवाल्यांची. युनिव्हर्सिटीत मागच्या बाकावरची तू कुणाला आठवणार नाहीस, इथे नावानिशी आठवशील. आणि ती आजींची गोष्ट इथे लिहिलीस तशीच पर्सनल स्टेटमेंटमध्ये लिही. नाव-गाव न देता, आणि "तेव्हा मला जाणवलं की" वगैरे न जोडता.

ड्यूटीची वेळ झाली. पैशांचं कुणीतरी लिहा, मी त्यात कच्ची आहे.

---

फणस

पैशांचं मी लिहितो. बायको डीओ आहे, रेसिडेन्सी संपत आली. मी त्या घरातला न शिकलेला सदस्य, म्हणजे फक्त कॉम्प्युटर सायन्स.

अर्जाचा खर्च लोक विसरतात. एमकॅट साडेतीनशेच्या घरात. एमकॅसला पहिल्या शाळेचे पावणेदोनशे डॉलर, पुढच्या प्रत्येक शाळेचे पन्नासच्या आसपास. त्यानंतर प्रत्येक शाळा स्वतःचा दुसरा अर्ज पाठवते, त्याची फी वेगळी. वीसेक शाळा धरल्या तर काही हजार डॉलर नुसते दार ठोठावायला. उत्पन्न कमी असेल तर एएएमसीची (एमकॅट घेणारी संस्था) फी सवलत योजना आहे, ग्रीन कार्डवाल्यांनाही चालते, पण दोघांचं उत्पन्न धरतात. बे एरियातल्या आयटी पगारावर नाद सोडा.

खरं कर्ज पुढे आहे. १ जुलै २०२६ पासून नव्यानं कर्ज घेणाऱ्यांसाठी ग्रॅड प्लस (पूर्ण खर्चाइतकं मिळणारं सरकारी कर्ज) बंद. फेडरल कर्ज वर्षाला ५० हजार आणि एकूण दोन लाख डॉलर, बस. खाजगी मेड स्कूलचा राहण्याखाण्यासकट वर्षाचा खर्च याच्या बराच वर जातो. वरची रक्कम खाजगी बँकेची किंवा घरातली. आमच्या वेळी हे नव्हतं. त्यामुळे कृष्णाकाठ, तुमच्या नवऱ्याला ४६ डॉलरचं गणित आवडतं तर हेही आत्ताच दाखवा, प्रवेशपत्र आल्यावर नको. नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोअरची स्कॉलरशिप आहे, फी अधिक महिन्याचे पैसे देतात आणि बदल्यात डॉक्टर कमी असलेल्या भागात सेवा करायची, पण त्याला नागरिकत्व लागतं. ग्रीन कार्डला पाच वर्षं झाली की सिटिझनशिपचा अर्ज लगेच टाका. २०२७ म्हणजे अगदी वेळेत बसतंय.

दुसरी गोष्ट रात्रपाळी ताई सांगायच्या राहिल्या, बहुधा त्यांना ती आता अंगवळणी पडलीय. या प्रवासात दोनदा गाव तुम्ही निवडत नाही. मेड स्कूल कॅलिफोर्नियातच मिळेल याची खात्री बाळगू नका. इथल्या मुलांना इथल्या जागा पुरत नाहीत, बरेच जण राज्याबाहेर जातात. डीओला आवर्जून अर्ज करा, व्हॅलेहोचं टूरो तुम्हाला गाडीनं जाण्यासारखं आहे. २०२० पासून रेसिडेन्सीची मान्यता एमडी-डीओ दोघांची एकच आहे, "डीओ म्हणजे दुय्यम" म्हणणाऱ्या काकांना चहा पाजून वाटेला लावा. आणि रेसिडेन्सीचं तर मार्चमधल्या एका शुक्रवारी पाकीट उघडतं, त्यात जे गाव असेल तिथे जायचं. आम्ही दोन पोरं आणि एक तुळशीची कुंडी घेऊन ज्या राज्यात गेलो तिथे कढीपत्ता दीड तासावर मिळतो. तुमची लेक तेव्हा हायस्कुलात असेल. नवरा रिमोट काम करू शकतो का, हा प्रश्न एमकॅटइतकाच महत्त्वाचा आहे, आणि कुठल्याही प्रीमेड काउन्सेलरच्या यादीत तो नसतो.

बाकी घरात काय होतं ते सांगत नाही, घाबराल. फक्त एवढंच की बायकोच्या मेडिकल बोर्डाच्या परीक्षेच्या महिन्यात मी कुकर गराजमध्ये लावायचो, शिट्टीचा त्रास नको म्हणून.

---

एच४_आणि_मी

धागा वाचून चेव आलाय. माझं ग्रीन कार्ड अजून रांगेत आहे, ते माझ्या नातवंडांना मिळेल. एच-फोरवर हे जमेल का?

---

रात्रपाळी

कम्युनिटी कॉलेज जमेल. कॅलिफोर्नियात वर्षभर राहून झालं की एच-फोरवाल्यांना राज्यातल्या रहिवाशांची कमी फीच लागू होऊ शकते, कॉलेजच्या रेसिडेन्सी ऑफिसला विचार. मेड स्कूलचं अवघड आहे. बहुतेक सरकारी शाळा नागरिक किंवा ग्रीन कार्डवालेच घेतात. ज्या थोड्या शाळा बाकीच्यांना घेतात, त्यातल्या काही अनेक वर्षांची फी आधीच खात्यात ठेवलेली दाखवा म्हणतात. फेडरल कर्ज शून्य. विषय करत राहा, ग्रेड कुठे जात नाहीत, पण काही शाळा फार जुने विषय धरत नाहीत. तेव्हा ऑरगॅनिक-बायोकेम कार्ड नजरेच्या टप्प्यात आल्यावर.

---

पोटापाण्याचं_बघा

फणस साहेबांचं वाचून माझंच म्हणणं खरं वाटायला लागलं :) पण ताईंचा निश्चय दिसतोय. एक सुचवतो. कॅलिफोर्निया मेडिसिन स्कॉलर्स प्रोग्रॅम म्हणून आहे, खास कम्युनिटी कॉलेजातून मेड स्कूलकडे जाणाऱ्यांसाठीच. विभागवार केंद्रं आहेत, आपलं कॉलेज त्यात येतं का बघा. शिवाय यूसी डेव्हिसची मेड स्कूल प्रवेश देताना अर्जदार आर्थिकदृष्ट्या कुठून वर आलाय याचं मोजमाप करते. आयटीच्या घराला त्याचा किती फायदा ते माहीत नाही, पण प्रायमरी केअर करणार असाल तर तिथे एमडीचा तीन वर्षांचा ट्रॅकही आहे. तुमचं एक वर्ष तिथे वाचेल.

---

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार. काल रात्री नवऱ्याला फणस यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. कर्जाच्या आकड्यावर तो काही बोलला नाही, कढीपत्त्यावर मात्र बराच वेळ बोलला. रिमोटचं मॅनेजरला विचारतो म्हणालाय. मी तेवढ्याला होकार समजतेय.

ठरलं ते असं. फॉलला जनरल केमिस्ट्री आणि सोबत फक्त सोशिऑलॉजी, तीही ऑनलाइन. बायॉलॉजी घेणार होते, ती काढली. क्लिनिकमध्ये मंगळवार-गुरुवार मागून घेतलेत, कारण केमिस्ट्रीची लॅब सोमवार-बुधवार संध्याकाळी आहे. त्या दिवशी लेकीला पोहण्याहून शेजारची गुजराती मावशी आणेल, बदल्यात मी तिच्या मुलाचं स्टॅट्स बघायचं. बर्कलेचा फॉर्म भरणार आहे, पण डोळे हेवर्डकडे.

@रात्रपाळी, एकच राहिलं. कॉलेजच्या यादीत लॅबसाठी गॉगल आणि कोट लिहिलाय. वर्गातली पोरं म्हणतात तिथल्या कपाटात असतात, विकत घ्यायची गरज नाही. खरं का?

---

रात्रपाळी

कोट कपाटातला चालेल. गॉगल स्वतःचा घे. चष्मा लावतेस का? मग चष्म्यावरून बसणारा, बाजूनं पूर्ण बंद आणि वाफ न धरणारा. कपाटातल्यांचे पट्टे सैल झालेले असतात, आणि टायट्रेशनच्या वेळी गुलाबी रंग नेमका कधी टिकला ते धुकटलेल्या काचेतून दिसत नाही. ग्रेड जातो त्यात.